एक कीबोर्ड, तीन मशीन आणि त्यातलं एक एक्सपीचं

पत्र: बार्शीत आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे वार्षिक अंक, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं असतात. टेबलावर तीन संगणक आहेत. पहिला 2006 सालचा, विंडोज एक्सपीचा. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्ट-टायपिंगची श्रीलिपी, मागे श्रीलिपीचं यूएसबीचं लॉक, ते लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही. तेव्हापासूनचे सगळे जॉब त्यातच आहेत आणि गिऱ्हाइकं आजही ‘मागच्या वेळचीच पत्रिका, फक्त नावं बदला’ म्हणत येतात. दुसरा नवा, विंडोज 11 चा. तिसरा मुलीचा लॅपटॉप, लिनक्स मिंटचा. ती डिझाइन करून ठेवते, दुरुस्त्या मी करते. तीन कीबोर्ड, तीन माऊस. बघते एका स्क्रीनकडे आणि हात जातो दुसऱ्याच कीबोर्डवर. उजवा खांदा आणि मान धरली आहे. इथला एक हार्डवेअरवाला म्हणतो, तिन्हींवर एक सॉफ्टवेअर टाकतो, माऊस एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर आपोआप सरकेल. एक्सपीसाठी जुनी आवृत्ती मिळते. टाकून घेऊ का? की जुनं मशीन काढूनच टाकू?

ताई,

जुनं मशीन काढू नका. आणि त्याच्यावर ते सॉफ्टवेअरही टाकून घेऊ नका. तुमच्या टेबलाला दोन वेगळे उपाय लागतील: एक्सपीसाठी वायरीचा साधा यूएसबी स्विच, आणि नवा संगणक व लॅपटॉप या जोडीसाठी सॉफ्टवेअर. दोन्ही मिळून तुमच्या हाताखाली एकच कीबोर्ड आणि एकच माऊस राहील.

तो हार्डवेअरवाला सांगतोय ते खोटं नाही. अशी सॉफ्टवेअरं खरंच आहेत आणि चांगली चालतात. कीबोर्ड-माऊस एका संगणकाला जोडलेला असतो. माऊसचा बाण स्क्रीनच्या कडेला नेला की तो शेजारच्या संगणकाच्या स्क्रीनवर उतरतो, आणि मग तुम्ही जे टाइप कराल ते नेटवर्कवरून त्या संगणकाला पोचतं. सिनर्जी नावाचं सॉफ्टवेअर 2001 पासून हे काम करतंय. त्याच्याच कोडमधून पुढे बॅरियर निघालं, त्यातून इनपुट लीप निघालं, आणि सिनर्जीच्या मूळ मोफत प्रकल्पाचं 2024 मध्ये डेस्कफ्लो असं नाव झालं. एवढी वंशावळ सांगतोय कारण यूट्यूबवर अजून बॅरियरचेच व्हिडिओ सापडतात आणि त्याचं काम कधीच थांबलेलं आहे. तुम्ही डेस्कफ्लो घ्या.

अडचण एक्सपीची आहे. एक्सपीवर चालणारी आवृत्ती फार जुनी. आजची सॉफ्टवेअरं एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी प्रत्येक कळ कुलूपबंद करून पाठवतात. जुन्या आवृत्तीला ते कुलूप उघडता येत नाही. म्हणजे तिला सामावून घ्यायचं तर मुख्य संगणकावर ते कुलूपच बंद करावं लागतं, आणि मग मुलीच्या लॅपटॉपकडे जाणारा मजकूरही उघडा जातो. तिच्या लॅपटॉपवर तुम्ही एखादा पासवर्ड टाकलात, किंवा नुसता कुठून तरी कॉपी केलात, तर तो दुकानाच्या वाय-फायवरून जसाच्या तसा फिरणार. एका जुन्या मशीनच्या सोयीसाठी दोन चांगल्या मशीनचं दार उघडं टाकण्यासारखं आहे हे.

दुसरं कारण याहून मोठं. सॉफ्टवेअर चालायला एक्सपीचं मशीन नेटवर्कवर आणावं लागेल. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला थांबवली. मे 2017 मध्ये फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातून, आणि एक्सपीला तीच जुनी पद्धत येते. एकदा मशीन नेटवर्कवर आलं की उद्या कोणीतरी म्हणणारच, ‘फायली पण शेअर करून देतो’, आणि त्यासाठी तुमच्या विंडोज 11 वर बंद असलेली ती पद्धत पुन्हा चालू करेल. करू देऊ नका. तुमच्या त्या मशीनमध्ये वर्षानुवर्षांचं काम आहे. त्याला नेटची वायर नसणं हेच आज त्याचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

आता तिसरं कारण. हे मराठी डीटीपीवाल्यांनाच जाणवतं आणि बहुतेक हार्डवेअरवाल्यांच्या लक्षात येत नाही. कीबोर्ड स्वतः अक्षर पाठवत नाही. तो फक्त ‘अमुक जागची कळ दाबली’ एवढंच सांगतो. त्या कळीचं अक्षर कोणतं, ते संगणक ठरवतो. नव्या मशीनवर तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना समजणाऱ्या मराठीत, इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी वापरत असाल तर इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ उमटतो. जुन्या मशीनवर श्रीलिपीत टायपरायटरची मांडणी लावलेली असेल तर त्याच कळीवर दुसरंच काही निघतं. तुमच्या बोटांना दोन्ही मांडण्या पाठ असतील, पण मधल्या सॉफ्टवेअरला तसं नाही. ही सॉफ्टवेअरं मुख्य संगणकावर कळीचं अक्षर काढतात आणि पलीकडच्या संगणकाला ते अक्षर आपल्या कीबोर्ड-मांडणीत शोधायला लावतात. मुख्य संगणकावर मराठी निवडलेलं आणि पलीकडे श्रीलिपीचा स्वतःचा जुना कीबोर्ड-ड्रायव्हर अशा वेळी हे गणित चुकतं. काही कळा मुक्या होतात, जोडाक्षरं तुटतात. पत्रिकेचं मॅटर बसवताना ‘श्री’ हवा तिथे ‘श’ येऊन थांबला तर काय वाटेल, ते तुम्हाला सांगायला नको. वायरीच्या स्विचमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. तो कीबोर्डची वायर एका मशीनमधून काढून दुसऱ्यात खोचल्यासारखं करतो, बस्स. प्रत्येक मशीन आपापली मांडणी आपल्यापाशी ठेवतं.

‘पण सॉफ्टवेअरमध्ये इकडे कॉपी, तिकडे पेस्ट होतं ना?’ असं तो म्हणेल. होतं. पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्या मशीनच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. विंडोज 11 वर युनिकोड फॉन्टमध्ये पेस्ट केलंत की ती रोमन कचकच समोर येते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या परिवर्तकातून काढल्याशिवाय तो मजकूर तिथे कामाचा नाही. म्हणजे ज्या सोयीसाठी नेटवर्क जोडायचं, ती सोय तुम्हाला मिळणारच नाही. पेजमेकरमधून तयार पीडीएफ काढा आणि पेनड्राइव्हने न्या. पेनड्राइव्ह फॅट 32 मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा. एक्सफॅट एक्सपीला जास्तीचा अपडेट टाकल्याशिवाय वाचता येत नाही. तो दोन्हीकडे फिरणार, म्हणून विंडोज 11 मध्ये लावला की आधी स्कॅन करायचा.

आता स्विच कोणता घ्यायचा. दुकानात ‘केव्हीएम’ मागितलंत तर मॉनिटरसकट बदलणारा डबा दाखवतील. तुमचे तिन्ही स्क्रीन आपापल्या जागी आहेत आणि तुम्हाला ते एकाच वेळी दिसायला हवेत, कारण जुन्या पत्रिकेकडे बघत नवी करायची असते. म्हणून ‘यूएसबी शेअरिंग स्विच, दोन संगणकांचा’ असं मागा. छोटी डबी असते. एका बाजूला कीबोर्ड, माऊस लावायला जागा, दुसऱ्या बाजूला दोन संगणकांकडे जाणाऱ्या दोन वायरी, वर एक बटण. केव्हीएमपेक्षा पुष्कळ स्वस्त. बटण वायरीवर लांब असलेला मिळाला तर उत्तम. डबी टेबलामागे टाकून बटण कीबोर्डशेजारी चिकटवता येतं. दोन संगणकांचा पुरतो, कारण लॅपटॉप सॉफ्टवेअरवर जाणार आहे.

एक्सपीला यूएसबीचा साधा कीबोर्ड-माऊस लगेच ओळखता येतो, वेगळी सीडी लागत नाही. वायरी मशीनच्या मागच्या बाजूच्या यूएसबीत लावा, पुढच्या नको. इतक्या जुन्या कॅबिनेटमध्ये पुढचे पोर्ट सैल झालेले असतात.

आणि ताई, हे सगळ्यात नीट वाचा. श्रीलिपीचं यूएसबी लॉक स्विचमध्ये लावू नका. ते आहे तिथेच, थेट मशीनच्या मागे राहू दे. स्विचचं बटण दाबलं की त्याला जोडलेलं सगळं एका मशीनमधून उपसलं जातं आणि दुसऱ्यात लागतं. लॉक त्यात असेल तर तुम्ही नव्या मशीनकडे वळताक्षणी श्रीलिपीला लॉक दिसेनासं होईल, आणि उघडी फाइल सेव्ह व्हायच्या आत अडकेल. पेनड्राइव्हही स्विचच्या रिकाम्या जागेत लावायचा मोह होतो. फाइल कॉपी होत असताना सवयीने बटण दाबलं गेलं की ती फाइल गेली. माझ्या हातून हे एकदा झालं आहे. एका स्मरणिकेची चौसष्ट पानं पुन्हा काढावी लागली, आणि संयोजक समोरच्या खुर्चीत बसून होते.

बटण दाबल्यावर एक-दोन सेकंद काही होणार नाही. मशीन ‘नवीन कीबोर्ड आला’ म्हणून ओळख पटवून घेत असतं. ती दोन सेकंदं थांबायची सवय लावा, नाहीतर पहिली दोन अक्षरं गळतात.

सकाळी एक्सपी चालू करताना स्विच नव्या मशीनकडे असेल तर काळ्या पडद्यावर कीबोर्ड सापडत नाही असा इंग्रजी संदेश येऊन मशीन एफ 1 दाबायची वाट बघत बसू शकतं. यावर सोपा तोडगा आहे. त्या मशीनचा जुना, गोल पिनेचा जांभळ्या टोकाचा कीबोर्ड काढूच नका. टेबलाखालच्या फळीवर सरकवून ठेवा, जोडलेला राहू दे. मशीनला कीबोर्ड दिसतो, ते गुमान चालू होतं, आणि स्विच कधी बिघडला तर तुमचं काम अडत नाही. माहितगार माणूस हाताशी असेल तर त्याला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, दोन गोष्टी बघायला सांगा. यूएसबी कीबोर्डचा आधार चालू आहे ना, ही एक. अनेक जुन्या बोर्डांवर ‘हॉल्ट ऑन’ नावाची ओळ असते, तिथे ‘ऑल, बट कीबोर्ड’ निवडायचं, ही दुसरी.

गोल पिनेच्या कीबोर्डबद्दल एक ताकीद. ती पीएस 2 ची पिन; आयबीएमने 1987 मध्ये आणली. यूएसबीसारखी चालू मशीनवर काढ-घाल करायला ती बनवलेलीच नाही. माऊसची हिरवी पिन चालू मशीनवर निसटली तर परत लावूनही बाण बहुतेक वेळा हलत नाही, मशीन पुन्हा चालू करावं लागतं. आणि नशीब वाईट असेल तर बोर्डावरचा पोर्टच जातो. हात लावायचा तर आधी मशीन पूर्ण बंद करा. बाजारात हिरव्या-जांभळ्या छोट्या टोप्या मिळतात, यूएसबीचं पीएस 2 करून देणाऱ्या. आत काहीच नसतं त्यांच्या, नुसत्या तारा. ज्या कीबोर्डला मुळात दोन्ही भाषा येतात त्याच्याबरोबरच त्या चालतात, आणि आजच्या बऱ्याच कीबोर्डना येत नाहीत. तुमच्या मशीनला यूएसबी आहे, तेव्हा तुम्हाला त्यांची गरज नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाकडे विंडोज 98 चं मशीन असेल आणि पीएस 2 शिवाय गत्यंतर नसेल, तर त्यांनी आत चिप असलेला कनव्हर्टर घ्यावा. तो टोपीपेक्षा मोठा असतो. बहुधा एका यूएसबी टोकातून जांभळी आणि हिरवी अशा दोन शेपट्या निघतात.

आता नवा संगणक आणि लॅपटॉप. मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स मोफत आहे, पॉवरटॉइज या त्यांच्याच संचात येतं, चार संगणक जोडतं, पण विंडोजपुरतंच. मिंट आहे म्हणून ते बाद. डेस्कफ्लो दोन्हीवर चालतं. विंडोज 11 वर ‘सर्व्हर’ निवडा, कारण कीबोर्ड तिथे आहे, लॅपटॉपवर ‘क्लायंट’. दोन्हीकडे एकच आवृत्ती असू द्या. सर्व्हरच्या चौकटीत लॅपटॉपची छोटी खूण असते, ती टेबलावर लॅपटॉप ज्या बाजूला असेल त्याच बाजूला ओढून ठेवा. ती उजवीकडे आणि लॅपटॉप डावीकडे असं झालं तर दिवसभर बाण हरवत राहतो. पहिल्या जोडणीला दोन्हीकडे आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ दिसेल. दोन्ही ओळी सारख्या आहेत का ते बघूनच होकार द्या. ते कुलूप म्हणतोय ते हेच. विंडोजने फायरवॉलबद्दल विचारलं तर फक्त ‘खाजगी नेटवर्क’ला परवानगी द्या. आणि राउटरमध्ये विंडोज संगणकाचा आयपी पत्ता कायमचा बांधून घ्या, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि लॅपटॉप त्याला शोधत बसतो. बार्शीत वीज किती वेळा जाते, ते तुम्हीच जाणता.

मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन आवृत्तीत हे विनासायास चालतं. मुलगी कधी दुसऱ्या लिनक्सकडे वळली आणि ते वेलँडवर, म्हणजे स्क्रीन दाखवायच्या नव्या पद्धतीवर, चालत असेल तर थोडी खटपट पडेल, एवढं तिच्या कानावर घाला.

इथेही मांडणीचा तोच प्रश्न आहे, मघाशी सांगितलेला. म्हणून लॅपटॉपकडे बाण नेण्याआधी विंडोज 11 ची भाषा इंग्रजीवर आणा, आणि मराठी टाइप करायचं ते लॅपटॉपच्या स्वतःच्या मराठी मांडणीतून करा. सुरुवातीला आठवत नाही. आठवड्याभरात अंगवळणी पडतं. मोठा मराठी मजकूर असेल तर सरळ लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर टाइप करा, त्यात कमीपणा काही नाही. बाण इकडून तिकडे जाताना कधी कंट्रोल किंवा शिफ्ट दाबलेलंच राहतं आणि मशीन वेड्यासारखं वागू लागतं. घाबरू नका, कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. कोरलड्रॉसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काही कडेपर्यंत ओढताना बाण शेजारी पळत असेल तर स्क्रोल लॉक दाबा, बाण त्याच स्क्रीनवर बांधला जातो. पुन्हा दाबलं की मोकळा.

तीन उपकरणांना जोडले जाणारे ब्लूटूथ कीबोर्डही मिळतात. तुमच्या एक्सपीच्या मशीनमध्ये ब्लूटूथ असण्याची शक्यता कमी, आणि असतं तरी विंडोज चालू व्हायच्या आधीच्या काळ्या पडद्यावर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय दर वेळी कीबोर्डचं वेगळं आणि माऊसचं वेगळं बटण दाबायचं. तुमच्या वेगाने काम करणाऱ्याला ते जाच होईल.

खांद्याचं म्हणाल तर एक कीबोर्ड आल्यावर तो ज्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त काम असतं त्याच्या बरोबर समोर ठेवा. बाकीचे दोन स्क्रीन शेजारी, तुमच्याकडे थोडे वळवून, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. माऊस कीबोर्डला खेटून. आत्ता तुमचा उजवा हात तिसऱ्या माऊसपर्यंत लांबत असणार, खांदा त्यानेच धरला असावा. तरीही महिनाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आणि एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. 2006 ची हार्ड डिस्क अजून तीच असेल तर मला तुमच्या कीबोर्डपेक्षा तिची जास्त काळजी वाटते. स्विच बसवायला माणूस येईल त्याच दिवशी त्याच्याकडून त्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून घ्या. नुसत्या फायलींची कॉपी नको. फॉन्ट, श्रीलिपी, पेजमेकर, सगळी मांडणी जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरली पाहिजे. मग डिस्क गेली तरी मशीन दुसऱ्या दिवशी उभं राहील. श्रीलिपीची मूळ सीडी आणि लॉकची पावती कुठे आहे, तेही आजच शोधून एका पाकिटात घालून ठेवा.

काम सुरू करण्याआधी एक्सपीच्या मशीनच्या पाठीमागचा मोबाइलवर एक स्वच्छ फोटो काढा. लॉक कोणत्या पोर्टमध्ये आहे, जांभळी पिन कुठे, प्रिंटरची वायर कुठे, सगळं दिसलं पाहिजे. स्विच घ्यायला जाताना तो फोटो दुकानदाराला दाखवा आणि परत येऊन लॉक सोडून बाकीच्या वायरींना हात लावा.